मधल्या थांब्याचा सराव

१

दक्षिण फ्रान्सला जायचे तीन रस्ते होते, आणि तिन्ही चौकशीकाकांच्या घराच्या मागच्या खोलीतून जात होते.

चौकशीकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. चौतीस वर्षं मोठ्या बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत बसून, तोंडासमोर माइक धरून, कोणती गाडी कुठे लागली आणि किती उशिराने सुटणार हे त्यांनी जगाला सांगितलं, म्हणून सगळी इमारत त्यांना त्या नावाने ओळखे. स्वतः ते त्या काळात कुठेही गेले नाहीत. आचाऱ्याची भूक वासानेच मरते, तसं त्यांचं प्रवासाचं झालं होतं.

आता मात्र जाणं भाग होतं. एकुलती एक लेक दक्षिण फ्रान्समध्ये राहत होती. जावयाच्या गावाचं नाव काका-काकू दोघांनाही धड उच्चारता येत नसे, म्हणून घरात त्या गावालाच दक्षिण फ्रान्स म्हणत. लेकीला मुलगी झाली होती, तीन महिन्यांची. आणि इकडे काकू विसरायला लागल्या होत्या. आधी चष्मा, मग गॅस, मग अख्खी दुपार. डॉक्टर म्हणाले, "लेकीला भेटवून आणा. आज ओळखतील. सहा महिन्यांनी काय, सांगता येत नाही."

"सांगता येत नाही" हे उत्तर काकांनी आयुष्यभर लोकांच्या तोंडावर फेकलं होतं. ते ऐकणाऱ्याला कसं लागतं हे त्यांना तेव्हा कळलं.

थेट विमान नव्हतं. मध्ये एकदा बदलायला लागणार होतं, आणि खरी मेख तिथेच होती. मागच्याच महिन्यात काका पोस्टात रांगेला लागले असताना काकू बाकावरून उठून चालू पडल्या. दोन तासांनी त्या एका चपलांच्या दुकानात सापडल्या, गिऱ्हाइकांना चपला दाखवताना. "दोन जोड खपवले त्यांनी," दुकानदार कौतुकाने म्हणाला. काका हसले, पैसे न घेता बायको घेऊन घरी आले आणि मोरीत जाऊन नळ सोडून बराच वेळ उभे राहिले.

परक्या मुलखात, मधल्या थांब्यावर, ते कागद दाखवायला रांगेत उभे राहतील तेव्हा ही खुर्चीवर बसून राहील का, एवढाच प्रश्न होता. जिथे बसेल तो रस्ता धरायचा. आणि ते ठरवायचं तर सराव करून बघायचा. चौतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला दुसरं सुचणार तरी काय.

२

बाहेरची खोली म्हणजे विमान. खिडकीशी एकामागे एक दोन खुर्च्या. बोळ म्हणजे तपासणी. तिथे काका काकूंना घड्याळ काढायला लावत आणि लाकडी पट्टी अंगाभोवती फिरवत. गॅलरी म्हणजे दक्षिण फ्रान्स. आणि मागची खोली, जी पूर्वी लेकीची अभ्यासाची होती आणि आता घडीच्या चार खुर्च्या नि एक कपाट सांभाळत होती, ती मधला थांबा. खोली साडेदहा बाय नऊची. काकांनी टेपने मोजली होती. का मोजली, ते विचारू नये.

शहरांची नावं काकूंच्या लक्षात राहत नसत, म्हणून काकांनी त्यांना सोपी नावं दिली. वाळूचं शहर, तिथे चार तास. बंदराचं शहर, तिथे अकरा. नदीचं शहर, तिथे पाच, आणि पुढचा रस्ता रेल्वेने.

वाळूचं शहर पहिल्याच दिवशी बाद झालं. वीस मिनिटांत काकू दार उघडून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, आत कुणीच नाहीये. मला कोंडून ठेवलंत का?"

बंदराच्या शहराचा सराव सुरूच झाला नाही. "अकरा तास?" काकू म्हणाल्या. "अकरा तासांत माणूस नवा संसार थाटेल."

"थाट की. माझं काय, मी विमानात बसेन."

"बसाल. तुम्हाला बसायलाच तर येतं."

अशा वेळी त्या अगदी पूर्वीच्या असत. काका मुद्दाम खोडी काढत, ती याचसाठी.

३

नदीच्या शहराचा सराव बुधवारी सकाळी दहाला सुरू झाला. काकू स्वेटर घालून, बॅग मांडीवर घेऊन मागच्या खोलीत बसल्या. काकांनी दार लोटलं, विमानात येऊन पेपर उघडला आणि अग्रलेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात त्यांना डुलकी लागली. अग्रलेखाचा तेवढा एक उपयोग अजून शिल्लक आहे.

जाग आली तेव्हा तीनला पाच कमी होते. ते धडपडत मागे गेले. काकू जशा बसवल्या होत्या तशाच बसल्या होत्या, चेहऱ्यावर शांतपणा.

"उठली नाहीस मध्ये?"

"उठेन कशी? तुम्हीच सांगत होतात ना, गाडीला उशीर आहे, जागा सोडू नका."

"मी?"

"दर अर्ध्या तासाने. जरा हळू सांगत जा. शेजारच्या बाई दचकतात."

 काका झोपेत बोलले असतील. चौतीस वर्षांची सवय, हाडात मुरलेली. लोक झोपेत चालतात, आपण उशीर जाहीर करतो. आणि शेजारच्या बाई म्हणजे तिच्या डोक्यातल्या कुणीतरी. दोन्ही गोष्टी पटण्यासारख्या होत्या, म्हणून त्यांनी त्या पटवून घेतल्या.

न पटण्यासारखं जे होतं ते गोड होतं. त्या संध्याकाळी चहा घेताना काकूंनी नातीचं नाव घेतलं, वजन सांगितलं, आणि लेक सहावीत असताना कंपासपेटी हरवून दोन दिवस तोंड लपवून फिरत होती तो सगळा किस्सा पेटीच्या रंगासकट सांगितला.  काकांच्या कपातला चहा निवून गेला. वर्षभरात बायकोला इतकं सलग बोलताना त्यांनी ऐकलं नव्हतं.

वहीत नदीच्या शहरापुढे त्यांनी बरोबरची खूण केली.

४

दुसऱ्या दिवशी ते झोपले नाहीत. बोळात स्टूल टाकून, दारापासून हातभर अंतरावर बसले.

पहिला तास काही नाही. मग चाकांची घरघर आली, लांबून जवळ आणि पुन्हा लांब, जशी गुळगुळीत फरशीवरून कुणी बॅग ओढत नेतं तशी. मागच्या खोलीत सतरंजी होती. कुणीतरी खोकलं. कुणीतरी हलकेच खुर्ची सरकवली. वरच्या मजल्याचा टीव्ही, काका म्हणाले. वरच्या मजल्यावर गच्ची होती हे त्यांच्या लक्षात होतं, पण प्रत्येक गोष्ट लक्षात ठेवलीच पाहिजे असं नाही.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या शिवणक्लासवाल्या बाई जिना चढून आल्या. बाहेरचं दार उघडंच होतं. "काका, पाहुणे आलेत का हो? वरून खुर्च्यांचा आवाज येतोय. मुलींचे टाके चुकतायत."

"आम्ही दोघंच आहोत."

"असं होय," बाई म्हणाल्या. त्यांनी बोळाच्या टोकाच्या बंद दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "बरीच माणसं आलीयत असं वाटलं. चालू द्या." आणि उतरून गेल्या. एरवी त्या अर्धा तास हलत नसत.

बाईंची पावलं थांबली आणि दारापलीकडे माइक सुरू झाल्याची टकटक झाली.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. दक्षिणेकडे जाणारी गाडी, उशिराने सुटेल. आपली जागा सोडू नये."

तो आवाज काकांचा होता. आजचा नव्हे, कवळी बसवण्याच्या आधीचा, भरल्या छातीचा. "उशिराने" म्हणण्याआधी घशात यायचा तो छोटा अडथळाही होता, ज्याबद्दल साहेबांनी दोनदा मेमो दिला होता. काकांचं स्वतःचं तोंड मिटलेलं होतं. त्यांनी हात लावून खात्री केली.

त्यांनी दार उघडलं. खिडकी बंद, कपाट बंद. काकू खुर्चीत, पाठ दाराकडे, नजर समोरच्या भिंतीवर. भिंतीला टेकवून ठेवलेल्या उरलेल्या तीन खुर्च्या मात्र उघडून रांगेत मांडल्या होत्या.

"या कुणी मांडल्या?"

"मग काय माणसांनी उभं राहायचं?" काकू मागे न बघता म्हणाल्या.

काकांनी एका खुर्चीच्या बैठकीवर तळवा टेकवला. ती कोमट होती. दुसरी त्यांनी तपासली नाही.

५

शहाण्या माणसाने सराव तिथेच थांबवला असता. काका शहाणे होते, पण त्यांना बायको हवी होती.

कारण दर सरावानंतर ती परत येत होती. शुक्रवारी लेकीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा काकूंनी पडद्यावर बोट ठेवून सांगितलं, "तिला उजव्या कुशीवर नको झोपवू, तूही तशीच दूध ओकायचीस."  लेक नाक ओढत म्हणाली, "बाबा, काय करताय तुम्ही आईला?"

"सराव करतोय. थांब्याचा."

"रोज करा. थांबवू नका. प्लीज, बाबा."

तिकिटं काढली, नदीच्या शहरावरून. आता माघार नव्हती. सराव रोज होत राहिला, आणि रोज थोडा लांबत राहिला. पाच तासांचे साडेपाच झाले, मग सात. दोनदा हाक मारावी लागायची, मग चारदा. काकू बाहेर येत त्या हसतमुख, आणि जोवर ते टिके तोवर घरात पूर्वीचे दिवस असत. सकाळपर्यंत मात्र सगळं ओसरून जाई, आणि रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त. एका सकाळी त्यांनी काकांना विचारलं, "दूध तुम्हीच देता का रोज?" काका म्हणाले, "हो, मीच देतो," आणि पातेलं गॅसवर ठेवायला गेले.

एकदा, उन्हं तिरकी झाली होती तेव्हा, गॅलरीत बसून त्यांनी धीर करून विचारलं, "आत काय असतं गं?"

"थांबा असतो. माणसं असतात, बॅगा घेऊन."

"कुठे जायचं असतं त्यांना?"

"ते कुणी कुणाला विचारत नाही." काकूंनी शाल सारखी केली. "फार चांगली आहेत हो माणसं. तिथे मला कुणी 'आठवतंय का, आठवतंय का' म्हणून टोचत नाही."

 दिवसातून किती वेळा आपण तिला असं विचारतो, हे मोजायचा काकांनी प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"आणि तुमचा आवाज असतो," काकू म्हणाल्या. "म्हणून भीती वाटत नाही."

६

निघायच्या दिवशी सराव नव्हता. दुपारी दोनला टॅक्सी सांगितली होती. काका सकाळी लवकर दाढी करून, कागदांची पिशवी तिसऱ्यांदा तपासून बाहेर आले, तर खुर्चीवर ठेवलेला काकूंचा स्वेटर नव्हता आणि बॅगही नव्हती. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. ती आपली आपणच गेली होती.

नऊ वाजता त्यांनी हाक मारली. अकराला मारली. आतून खुर्च्यांचा, खोकल्यांचा, पानं उलटल्याचा आवाज येत होता, आणि मधूनमधून ते, त्यांच्याच गळ्यातून, "जागा सोडू नये." त्यांनी दार उघडलं नाही. उघडलं आणि आत ती चार खुर्च्यांत एकटी दिसली तर बरंच. पण तशी दिसली नाही तर, या 'तर'पाशी त्यांचा हात कडीवरून खाली येई. एक वाजून चाळीस मिनिटांनी मात्र पर्याय उरला नाही.

दार उघडलं.

समोरची भिंत तिच्या जागी नव्हती. साडेदहा बाय नऊच्या त्या खोलीत खुर्च्यांच्या रांगा होत्या, एकीमागे एक, आणि शेवटची रांग कुठली ते करड्या उजेडात कळत नव्हतं. सगळ्यांच्या पाठी दाराकडे. पांढरे केस, टक्कल, बांधलेले रुमाल. प्रत्येकाच्या कोपराखालून मांडीवरच्या बॅगेची कड दिसत होती. पाचव्या रांगेत काकूंचा निळा स्वेटर होता. शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर तिने शाल टाकून ठेवली होती, जागा धरल्यासारखी.

"अगं," काका म्हणाले.

एकही डोकं वळलं नाही. मग त्यांनी तिला नावाने हाक मारली, चारचौघांत कधीही न उच्चारलेल्या नावाने. निळा स्वेटर हलला नाही.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," वरून कुठूनतरी तो तरुण आवाज म्हणाला. "दक्षिणेकडे जाणारी गाडी..." आणि घशातला तो अडथळा, "...उशिराने सुटेल." आणि सगळ्या पाठी जरा सैल होऊन खुर्च्यांना टेकल्या. तिचीही. किती विश्वासाने टेकली ती पाठ, ते काकांनी पाहिलं. नवऱ्याचं ती एक वेळ ऐकणार नाही. या आवाजाचं ऐकेल, आणि बसून राहील, आणि पलीकडे एक लेक स्टेशनवर तीन महिन्यांचं पोर छातीशी धरून वाट बघत राहील.

त्यांचं पाऊल उंबऱ्याबाहेरच होतं. आत टाकायचं धैर्य त्यांना झालं नाही, हे त्यांनी पुढे कधी लपवलं नाही. त्यांनी फक्त मूठ वळून तोंडासमोर धरली, माइक धरतात तशी, आणि म्हाताऱ्या, फाटक्या गळ्याने सांगितलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. दक्षिण फ्रान्सकडे जाणारी गाडी आता सुटत आहे. उशीर संपलेला आहे. प्रवाशांनी आपले सामान घेऊन दाराकडे यावे."

क्षणभर काहीच झालं नाही. वरचा आवाज बोलायला लागला आणि मधेच थांबला.

निळा स्वेटर उठून उभा राहिला.

आणि मग खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. पहिल्या रांगेपासून जिथवर उजेड जात होता तिथवर, आणि त्याच्याही पलीकडे, सगळे उठले होते.

७

काकू रांगांमधून वाट काढत दारापाशी आल्या, काकांसमोर उभ्या राहिल्या. डोळे स्वच्छ होते, ओळखीचा मागमूस नव्हता.

"साहेब, दक्षिण फ्रान्सची हीच ना?"

काकांच्या घशात काहीतरी आलं. मेमो मिळायचा तेच.

"हो बाई. हीच."

"माझी लेक घ्यायला येणार आहे. बाळ झालंय तिला. पुढे गेले तर चुकणार नाही ना मी?"

"नाही चुकणार. मी आहे बरोबर."

"तुम्ही फार भले आहात," काकू म्हणाल्या. "आमचे हे अजून आले नाहीत. जागा धरली होती मी त्यांना."

"ते पुढे गेलेत. येतील गाठ पडायला."

लेक तिच्या लक्षात राहिली होती तर. जायचं होतं ते ती राहावी म्हणूनच. बदल्यात काय गेलं याचा विचार करायला विमानात आठ तास मिळणार होते. काकांनी बॅग घेतली, काकूंचा हात धरला. तो पावसात भिजून आल्यासारखा गार होता.

काकूंच्या खांद्यामागे पहिली रांग दारापर्यंत पोचली होती. चेहऱ्यांकडे काकांनी पाहिलं नाही. पाहिले ते बॅगांवरचे हात. थकलेले, नखं कापलेले, कुणाच्या तरी भेटीसाठी नीट धुतलेले हात. दार ओढून घेता आलं असतं. कडी हाताशीच होती. पण एकदा जाहीर केलेली गाडी रद्द करायची तर वरून हुकूम लागतो, आणि तो त्यांना कुणीच दिला नव्हता. ते कडीला हात न लावता जिन्याकडे चालू लागले.

शिवणक्लासचं दार बंद होतं. आतली मशिनं एकाएकी थांबली.

टॅक्सीवाल्याने सामान मागे टाकलं. काकूंना खिडकीशी बसवून काका बाहेरच उभे राहिले. जिन्यावरून पावलं उतरत होती. हळू, रबरी तळव्यांची, एकमेकांना आधी वाट देणारी.

"दोघंच ना, काका?" टॅक्सीवाला म्हणाला. "चला, बसा."

"एवढी काय घाई," काकू आतून म्हणाल्या. "येऊ देत की सगळ्यांना. त्यांचीही कुणी वाट बघत असेल."

टॅक्सीवाला आरशात बघून हसला. काका हसले नाहीत. जिन्याच्या तोंडाशी ऊन मावळल्यासारखं करडं झालं, तेव्हा ते जरा बाजूला सरकले, आणि गाडीचं दार त्यांनी उघडं धरून ठेवलं.